कारण निवडा

नाशिकमध्ये द्वारकेच्या चौकातून पुणे रस्त्याला लागले की ट्रान्सपोर्टवाल्यांच्या कचेऱ्यांची ओळ सुरू होते. त्यांतल्या एका कचेरीच्या डोक्यावर खंडेरावांचा गाळा होता. खाली दिवसभर ट्रक पुढेमागे होत आणि वर चार बायका मांडीवर परात घेऊन मोत्यांच्या मुंडावळ्या ओवीत बसत. एखाद्या ट्रकने जोराचा हॉर्न दिला की परातीतले मोती थरथरत, पण बायकांचे हात थांबत नसत.

खंडेरावांचे वडील रविवार कारंजावर फुलांच्या मुंडावळ्या विकत. खंडेरावांनी फुले सोडून मोती धरले, आणि आसपासच्या कुणाच्या स्वप्नातही नव्हते तेव्हा, दोन हजार पाच साली, दुकान इंटरनेटवर नेले. मुंडावळ्या, बाशिंगे, अंतरपाट, रुखवताच्या बाहुल्या, सजवलेल्या सुपाऱ्या असा सगळा पसारा वेबसाइटवर फोटोंसकट मांडलेला होता. इंदूर, बडोदा, हैदराबाद, कधी थेट अमेरिका. जिथे मराठी लग्न आहे आणि हाताशी मराठी बाजार नाही, तिथून मागणी येई.

ती मागणी उतरवून घ्यायला, पार्सलांवर पत्ते चिकटवायला आणि आलेल्या ईमेलना उत्तरे द्यायला सुवर्णा होती. मखमलाबादला भाजीपाला पिकवणाऱ्या गोटीरामांची ही थोरली मुलगी. चोवीस वर्षांची, बी.ए. झालेली, वर कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. दीड वर्षापूर्वी ती इथे लागली तेव्हा खंडेरावांना काका म्हणत असे. गेल्या माघात खंडेरावांनीच तिचे आपल्या भाच्याशी, ओमशी जमवून दिले, साखरपुडा झाला, आणि तेव्हापासून तिने त्यांना मामा म्हणायचे असे ठरले. ठरले म्हणजे ओवणाऱ्या बायकांतल्या थोरल्या लंकाबाईने ठरवले.

"आता काका नाय, मामेसासरे ते तुझे," लंकाबाई म्हणाली होती. "आत्तापासून जिभेला सवय लाव. आयत्या येळी काका निघालं तोंडातून, तर सासू म्हनंल पोरगी अजून पगारावरच हाय."

लग्न नऊ मेचे धरले होते. त्या वर्षी ज्येष्ठात अधिक महिना येत होता, म्हणून त्याच्या आत उरकायचे. मखमलाबादच्या रस्त्यावरचे कार्यालय ठरले होते, शालू घेऊन झाला होता.

सुवर्णाला हे लग्न नको होते.

ही गोष्ट तिच्याशिवाय एकाच माणसाला ठाऊक होती. साखरपुड्यानंतर आठ दिवसांनी चुलीपुढे बसून तिने ती आईला सांगितली होती.

"का गं? काय कमी हाय पोरात?" अंबूबाईंनी भाकरी थापता थापता विचारले.

"कमी काही नाही."

"पितो का?"

"नाही."

"कुठं दुसरीकडं गुंतलाय?"

"नाही गं."

"तुझं कुठं काय हाय?"

"माझं काय असणार?"

"मग?"

सुवर्णाने चुलीतले लाकूड आत सारले.

"मग लोकांना कारण काय सांगायचं?" अंबूबाई म्हणाल्या. भाकरी तव्यावर पडली आणि ते बोलणे तिथेच संपले. पुढे त्यांनी तो विषय काढला नाही, तिलाही काढू दिला नाही.

ओमविषयी वाईट बोलायला खरोखरच जागा नव्हती. अंबडला एका कारखान्यात तो मशीनवर होता, कायम झालेला होता, बोलायला शांत होता. दोनदा ते दोघे सोमेश्वरला जाऊन आले होते. तिथे त्याने तिला कणीस घेऊन दिले, वारा सुटल्यावर थंडी वाजते का म्हणून विचारले. आणि तिला मात्र सारखे वाटत राहिले की आपण दुसऱ्याच कुणाच्या तरी नंबरवर परीक्षेला बसलो आहोत, आणि पर्यवेक्षकाच्या ते लक्षात कसे येत नाही. पण हे काही कारण नव्हे. हे कुणाला सांगण्यासारखेही नव्हते. मुलगी बघायला आले तेव्हा सगळ्यांसमोर "पसंत आहे ना?" असे विचारले गेले होते आणि तिने मान खाली घातली होती. खाली घातलेल्या मानेचा अर्थ काय होतो हे तिला माहीत नव्हते असेही नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला खंडेराव एक छापील कागद घेऊन तिच्या टेबलाशी आले.

"हे वाच. आपल्याला कार्डाचे पैसे मिळवून देणारी कंपनी म्हणते, पंधरा दिवसांत वेबसाइटवर रिफंडची सोय दाखवा. नाहीतर कार्ड बंद."

"म्हणजे आता माल परत घ्यायचा का मामा?"

"घ्यायचा असं कुठं लिहिलंय? सोय दाखवा असं लिहिलंय." खंडेराव हसले. ते हसतमुख गृहस्थ होते. रागावतानाही आधी हसून घेत. "लग्नाचा माल परत घेणारा दुकानदार तू बघितलास कधी? महेशला फोन कर. तो फॉर्म देईल, तू मराठीत कर. एवढं एक सुरळीत लावून दे, मग लग्नाची सुट्टी."

महेश म्हणजे वेबसाइट बनवून देणारा. त्याच्याकडे असला फॉर्म तयारच होता. ऑर्डरचा नंबर टाकायचा, माल परत करण्याचे कारण यादीतून निवडायचे, मालाचा फोटो जोडायचा आणि बटण दाबायचे. मग माल पाठवायचा, इथे तपासणी व्हायची, आणि पटले तर पैसे परत. यादीत पाच कारणे इंग्रजीत होती. सुवर्णाने ती मराठीत केली आणि कागदावर काढून खंडेरावांपुढे ठेवली. माल तुटका किंवा खराब आला. चुकीचा माल आला. रंग फोटोपेक्षा वेगळा आहे. माल उशिरा आला. माल नको आहे.

खंडेरावांनी चष्मा लावला, चार कारणांवर मान डोलावली आणि पाचव्यावर पेन्सिल आडवी मारली.

"हे काढ."

"महेशच्या यादीत होतं मामा."

"असेल. चपला विकणाऱ्याला चालतं ते. नको आहे, हे काय कारण झालं? नको होतं तर मागवलं कशाला?"

"पण समजा, कुणाचं लग्नच मोडलं तर?"

लंकाबाईने परातीतून डोके वर केले.

"शुभ बोल," खंडेराव म्हणाले. या वेळी ते आधी हसले नाहीत, पण आवाज मऊच ठेवला. "जिथं मुंडावळ्या ओवल्या जातात तिथं हा शब्द तोंडातून काढू नये, आणि लिहून तर मुळीच ठेवू नये. माझे वडील तर फुलांची मुंडावळी दुकानाबाहेर गेली की परत आत येऊ देत नसत. एकदा एक माणूस घेऊन आला, तर त्याला पैसे दिले आणि मुंडावळी गोदावरीत सोडायला लावली."

"म्हणजे पैसे दिले ना."

"ते वडील होते. मी दुकान चालवतो."

तेव्हा कारणे चार राहिली. सुवर्णाने फॉर्म लावला आणि स्वतःच भरून बघितला. नंबर टाकला, फोटो जोडला, कारणाची जागा मुद्दाम रिकामी ठेवली आणि बटण दाबले. तांबडी अक्षरे आली, 'कारण निवडल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.' वाक्य तिनेच लिहिले होते. चांगले सरळ वाक्य होते. तरी ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग तिने सगळे पुसून टाकले.

लग्नसराई ऐन भरात होती, त्यामुळे अर्ज लगोलग येऊ लागले. पार्सल आले की खंडेराव स्वतः तपासणीला बसत. मुंडावळी ट्यूबलाइटखाली धरीत, मोत्यांच्या मधला दोरा नखाने उघडून बघत आणि सुवर्णाला शिकवत.

"कपाळाची पट्टी बघायची नाही. ती सगळे पुसून पाठवतात. कानाजवळची गाठ बघायची. नवरदेवाची हळद घामाबरोबर तिथं उतरते आणि गाठीत बसते. साबणानं धुतली तरी निघत नाही."

"माझ्याकडं द्या," लंकाबाई म्हणाली. "वास घेऊन सांगते. नवऱ्यानं डोक्याला कोणतं तेल लावलं होतं ते पण सांगते."

"हिला पोलिसात घ्यायला पाहिजे होतं," खंडेराव म्हणाले. "सुवर्णा, या इंदूरच्या बाईंनी कारण काय निवडलंय?"

"रंग वेगळा."

"बरोबर आहे त्यांचं. आपण पांढरी पाठवली होती, तिकडं जाऊन पिवळी झाली."

बायका हसल्या. सुवर्णाही हसली. हैदराबादच्या पार्सलातून कुंकू लागलेले तांदळाचे चार दाणे निघाले तेव्हा तर खंडेरावांनी ते तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवले आणि म्हणाले, "अक्षता आपल्यालाही पोचल्या, आता जेवणाचं बघा." अशा अर्जांना 'नामंजूर' लिहून पत्र जाई आणि पत्राखाली सुवर्णाचे नाव असे. ग्राहकांना बाईचे नाव दिसले की ते फार भांडत नाहीत, असे खंडेरावांचे मत होते.

मग मिरजेहून पार्सल आले. पाठवणाऱ्या सुमनबाई. मुंडावळ्यांची जोडी होती, वधूची आणि वराची, गाळ्यातून गेली तशी पातळ गुलाबी कागदात. कारण निवडले होते, माल तुटका किंवा खराब आला. खंडेरावांनी गाठी बघितल्या, लंकाबाईने वास घेतला. हळद नाही, तेल नाही, काही नाही.

"कोरी आहे," खंडेराव म्हणाले. "पण तुटलीय कुठं?"

"कुठंच नाही."

"मग खोटं लिहिलंय. नामंजूर. त्यांच्या खर्चानं परत पाठव."

"वापरलेली तर नाहीये मामा."

"वापरली का नाही वापरली हा प्रश्नच नाही. त्यांनी लिहिलंय तुटली. तुटली नाही. संपलं."

सुवर्णाने पत्र लिहिले, 'आपण निवडलेले कारण तपासणीत आढळून आले नाही.' चार दिवसांनी दुपारी फोन वाजला.

"मी मिरजेहून सुमनबाई बोलते. सुवर्णा म्हणून कुणी आहेत का?"

"मीच बोलते."

"अगं बाई, आवाजावरून लहान दिसतेस. मला वाटलं कुणी मोठ्या बाई असतील, पत्र तसं होतं. तुटली नव्हती हे मला माहीत आहे बाळ. पण कारण निवडल्याशिवाय ते पुढंच सरकेना. कॅफेवाला म्हणाला, मावशी, पहिलं दाबा, बहुतेक लोक पहिलंच दाबतात."

"मग खरं काय झालं होतं?"

"खरं म्हणजे लग्नच झालं नाही. मुलगा नको म्हणाला."

सुवर्णाने खुर्ची भिंतीकडे वळवली. "का?" तिने विचारले, आणि विचारल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली.

"सगळ्यांनी विचारलं. मामा आले, काका आले, ह्यांचे ऑफिसातले मित्र येऊन बसले. सांगतच नाही. नुसतं नको म्हणतो. मुलगी चांगली होती गं, त्यालाही ती वाईट वाटत नव्हती. काही कारण असतं तर मलाही तिच्या आईला सांगता आलं असतं. आता त्या लोकांनी त्यांच्या मनानं कारण लावून घेतलंय."

"काय?"

"ते फोनवर सांगण्यासारखं नाही." मागे कुठे तरी कुकरची शिट्टी झाली. "पैशांसाठी मी एवढं केलं नसतं. पण ती कपाटात आहे, आणि रोज हात लागतो. मुंडावळी काय केरात टाकायची? कुणाला द्यावी म्हटलं तर अशा घरची कोण घेणार? जिथून आली तिथं जाऊ दे, एवढंच मनात होतं. आता तू सांग, मी कोणतं कारण निवडू?"

सुवर्णाने पडद्याकडे बघितले. चार ओळी होत्या. तिने त्या पुन्हा वाचल्या, जणू आपल्या नकळत तिथे एखादी जास्तीची आली असेल.

"मला सांगता येत नाही मावशी."

"तुझ्या नावानं पत्र आलं म्हणून विचारलं."

"तुमचा मुलगा आता कसा आहे?"

"जेवतो, कामाला जातो. घरात कुणी आलं की गच्चीवर जाऊन बसतो."

फोन ठेवल्यावर तिने खंडेरावांना सगळे सांगितले. ते ऐकून त्यांना वाईट वाटले, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. "अरेरे," ते म्हणाले. "पण मग तर ती मुळीच घेता यायची नाही. उद्या ती मी दुसऱ्या कुणाच्या पोरीच्या कपाळाला बांधायला देऊ का?"

एप्रिल संपत आला तेव्हा मिरजेचे पार्सल पुन्हा आले. नवा अर्ज, कारण तेच, या वेळी फोटो मोठा आणि स्पष्ट. सुवर्णाने गुलाबी कागद उघडला आणि मोती टेबलभर सांडले. वराच्या मुंडावळीचा दोरा तीन ठिकाणी तुटला होता.

खंडेरावांनी फोटो बघितला, टेबल बघितले. "हां, आता बरोबर आहे. तुटका माल, वर फोटो. दे त्यांचे पैसे."

"मामा, ही आपण पाठवली तेव्हा धड होती. परत पाठवली तेव्हाही धड होती."

"वाटेत तुटली असेल. आपण कशाला खोलात जायचं? नियमात बसतंय ना, मग झालं. कार्डाची कंपनी बघत असते, एखादा अर्ज मंजूर केलेला दिसला तर बरं असतं." ते खाली ट्रान्सपोर्टवाल्याकडे गेले.

लंकाबाईने दोऱ्याची टोके चिमटीत धरून उजेडात नेली. "हा तुटलेला नाय," ती हळूच म्हणाली. "तुटला तर दोऱ्याला मिशा येतात. हा कात्रीनं कापलाय. बघ, कसा सफाईनं. तीन येळा." तिने मोती परातीत ओढून घेतले. "जाऊ दे. मोत्याला काय कळतंय कुणाचे ते. संध्याकाळपर्यंत वधूचीपन उसवते आन नवी जोडी ओवते."

सुवर्णाने 'मंजूर' लिहिले. मिरजेच्या घरात एक बाई कात्री घेऊन बसली असेल, तीनदा तिने धीर केला असेल, हे तिच्या डोळ्यांपुढून हलेना. चांगली होती तेव्हा घेतली नाही. मोडून दिली तेव्हा घेतली. त्या दिवशी ती एक विचार घेऊन घरी गेली आणि तो विचार तिला जितका सोपा वाटला तितकीच त्याची भीती वाटली. आपणही काही तरी कापून दाखवायचे. ओमविषयी काही, नाही तर स्वतःविषयी. एक वाक्य पुरेल. घरचे रडतील, खंडेराव हसायचे विसरतील, आणि सोडतील.

दोन दिवसांनी पहिली पाळी संपवून ओम अंबडहून आला. त्याला लग्नाच्या बुटांचे माप द्यायला जायचे होते आणि तिने सोबत यावे असे त्याच्या आईने सांगितले होते. चौकातल्या रसवंतीत ते बसले. चरकाचे घुंगरू वाजत होते. सुवर्णाने ठरवून आणलेले वाक्य तिच्या तोंडात होते आणि ते खोटे होते. त्याच्या हाताकडे बघितल्यावर, मशीनचे काळे वंगण नखांत अजून तसेच होते, ते तिला बोलता येईना.

"मला हे लग्न नको आहे," ती म्हणाली.

ओमने रसाचा ग्लास खाली ठेवला. "माझं काही चुकलं का?"

"नाही."

"दुसरं कुणी आहे?"

"नाही."

"मग घरून काही? देण्याघेण्याचं?"

"काहीच नाही. तुम्ही चांगले आहात."

त्याने ग्लास बोटाने पुढे सरकवला. घुंगरू थांबले, पुन्हा सुरू झाले. "कधीपासून?"

"आधीपासून."

"मग आधी का नाही बोललीस?"

"कारण नव्हतं सांगायला. अजूनही नाही."

"असं चालत नाही सुवर्णा." तो रागावलेला नव्हता, घाईत हिशोब करणाऱ्या माणसासारखा दिसत होता. "घरी काहीतरी सांगावं लागेल. एक काम कर. माझ्यावर घाल. मी पितो म्हण. किंवा कारखान्यात कुणी आहे म्हण. मी नाही म्हणणार नाही. पुरुषाचं वर्षभरात लोक विसरतात."

तिने हे अपेक्षिले नव्हते. जे खोटे ती चोरून वापरणार होती तेच तो आपण होऊन समोर ठेवत होता.

"आणि तुमच्या आईला काय वाटेल?"

"वाटेल ते वाटेल."

"नको. तुम्ही पीत नाही."

"मग स्वतःवर घेतेस?"

"माझ्यावरही नको."

"मग कुणावर?" त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. शेजारच्या बाकावरच्या माणसाने वळून बघितले, तसा तो पुन्हा खाली आला. "तुला माहितीय का, कारण नाही हे ऐकायला जास्त लागतं. पितो म्हणालीस तर निदान मला कळेल की आपण काय सोडायचं."

"हो," ती म्हणाली. "ते मला कळतं."

त्याने दोघांच्या रसाचे पैसे दिले. बुटांचे माप द्यायला तो गेला की नाही हे तिला कधी कळले नाही.

संध्याकाळी गोटीराम मळ्यात मेथीच्या जुड्या बांधत होते, उद्याच्या बाजारासाठी. सुवर्णा त्यांच्यापुढे उकिडवी बसली आणि त्यांच्या हातात जुडीचे बंद देत देत तिने सांगितले. गोटीराम कमी बोलणारे होते. त्यांनी हातातली जुडी पुरी बांधली, तिच्या मुळांची माती झटकली.

"पोरगा वाईट हाय का?"

"नाही आप्पा."

"कुनी काय बोललं?"

"नाही."

"मंग?"

"नको आहे."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी आणखी दोन जुड्या बांधल्या. "पत्रिका वाटल्यात," ते म्हणाले. "लोकं म्हनतील पोरीतच काय तरी हाय. आन ते लय दिवस म्हनतील. धाकटीच्या येळंला पन म्हनतील."

"माहीत आहे."

"खंडेरावाला मी असं मोकळ्या हातानं जाऊन नाय सांगू शकत. मला काय तरी धरायला दे."

"माझ्याकडं नाहीये आप्पा. असतं तर दिलं असतं." तिने पुढचा बंद त्यांच्या हातात दिला. "मी सांगते. तुम्ही नुसते चला."

दुसऱ्या दिवशी भाजी बाजार समितीत टाकून गोटीरामांनी तिला एम-८० गाडीवर मागे बसवले आणि दोघे द्वारकेला आले. सुवर्णाने खंडेरावांना उभ्यानेच सांगितले. खंडेराव आधी हसले. मग त्यांनी गोटीरामांकडे बघितले, आणि मग खुर्च्या मागवल्या.

"बसा. घाई करू नका. बहिणीला बोलावतो. बसून बोलू, निघेल काहीतरी मार्ग."

बहीण येईपर्यंत त्यांनी स्वतः विचारून घेतले. पगाराचं आहे का, पुढं शिकायचंय का, नाशिक सोडायचंय का. मग शेजारच्या गाळ्यातले एक ओळखीचे वडीलधारे आले, त्यांनी विचारले. मग ओमचे थोरले चुलते आले. खाली उतरायला एकच जिना होता आणि त्याच्या तोंडाशी माणसे बसत गेली. चहा आला, त्यावर साय धरली. चारी बायका खाली मान घालून ओवत होत्या, पण मोती परातीत पडल्याचा आवाज नेहमीसारखा येत नव्हता. प्रत्येक जण तेच विचारी आणि सुवर्णा तेच दोन शब्द बोले. दर वेळी ते आधीपेक्षा लहान वाटत. पाचव्या-सहाव्या वेळी तर तिला स्वतःलाच शंका आली की यात खरेच काही आहे का.

"अगं काहीतरी सांग," खंडेराव शेवटी काकुळतीला आले. "खोटं का असेना. मला बहिणीला तोंड दाखवायचंय."

ओमच्या आई आल्या त्या सरळ सुवर्णाच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"माझ्याकडून काही कमी पडलं का बाई? शालू मनासारखा नाही का? मोकळं बोल. मी मनाला लावून घेणार नाही."

सुवर्णाचा सगळा धीर त्या हाताखाली गेला. शालूचा रंग, म्हणावे. एवढेसे कारण, कुणाचे काही जात नाही. तिने तोंड उघडलेही.

"ताई," गोटीराम म्हणाले. सकाळपासून ते एक अक्षर बोलले नव्हते, त्यामुळे सगळे त्यांच्याकडे वळले. ते खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते, टोपी हातात घेऊन. "तिनं सांगितलंय. पुन्हा पुन्हा नका इचारू तिला. काय इचारायचं ते मला इचारा."

"मग तुम्ही सांगा कारण," चुलते म्हणाले.

"मला ठाऊक नाय." गोटीरामांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "तिला नको हाय एवढंच ठाऊक हाय. रातभर मी पन इचार केला, मला बी दुसरं काय सापडलं नाय. मानहानी झाली ती माझ्याकडून झाली असं समजा. हात जोडतो. पन आता उठू द्या तिला."

ओमच्या आईने पाठीवरचा हात काढून घेतला आणि पदराने तोंड पुसले. खंडेराव उठून टेबलाशी गेले आणि वेबसाइटवर आलेल्या मागण्या बघितल्यासारखे करत पाठमोरे उभे राहिले. जिन्याच्या तोंडाशी बसलेले वडीलधारे पाय आखडून घेऊ लागले, पण त्यांना थोडा वेळ लागला.

खाली एम-८० सुरू होईना. गोटीरामांनी चार-पाच किका मारल्या, प्लगवर फुंकर घातली, पुन्हा मारल्या. वर गाळ्याच्या खिडकीतून कोण बघत असेल ते त्यांनी बघितले नाही. शेवटी त्यांनी हँडल धरले आणि सुवर्णाने मागून सीटला हात लावला. भर अकराच्या उन्हात, ट्रकांच्या कडेकडेने, दोघे ती गाडी ढकलत चौकाकडे निघाले.